गुरुवारचा अहवाल

कॉर्डेल : सही कशासाठी ते आधी सांगा. पेन नंतर काढा.

वेंडेल : सत्कार आहे तुझा. ऑक्टोबरात, भर मैदानात. तुझ्या जर्सीचा बावीस नंबर यापुढे कुणाला देणार नाहीत. हा कागद त्याचाच.

कॉर्डेल : सत्काराला वकिलानं लिहिलेला कागद लागतो?

अल्मा : कोण आलंय रे ओसरीवर?

कॉर्डेल : वेंडेल स्ट्राउड, आई. आमच्या फुटबॉल क्लबचे ट्रेनर. आठ वर्षं माझ्या घोट्यांना पट्ट्या बांधायचे ते.

अल्मा : उत्तरेतून एवढ्या लांब, लुइझियानाच्या उसात? मग काहीतरी हवं असणार. बसा.

वेंडेल : थँक्यू, मिसेस बटिस्ट.

कॉर्डेल : ऐक आई, काय लिहिलंय. ‘गुडघ्यात वेदनाशामक इंजेक्शन घेऊन खेळण्याचा निर्णय माझा होता. दुखापतीची पूर्ण कल्पना मला देण्यात आली होती.’ मला कुणी दिली कल्पना?

वेंडेल : खेळतो असं तूच म्हणालास.

कॉर्डेल : म्हणालो. त्याआधी विचारलं होतं, एमआरआयमध्ये काय निघालं. तुम्ही म्हणालात, थोडी सूज आहे. तेवढ्यावर मी चेंडू बगलेत मारून दीडदीडशे किलोच्या गड्यांच्या भिंतीत घुसलो. सतरा वेळा. अठराव्या वेळी पाय एकीकडे आणि मी एकीकडे.

वेंडेल : सहा जुन्या खेळाडूंनी क्लबवर खटला भरलाय, अशाच इंजेक्शनांवरून. तूही त्यांना जाऊन मिळशील अशी भीती आहे वरच्यांना.

कॉर्डेल : आणि तुम्हाला का पाठवलं?

वेंडेल : दुसरा कुणी आला असता तर तू फाटकातूनच परत पाठवला असतास.

कॉर्डेल : बरोबर ओळखलंय मला. एकविसाव्या वर्षीसुद्धा बरोबर ओळखलं होतं. निवड चाचणीत चड्डीवर उभं केलं, चाळीस माणसं वह्या घेऊन समोर. मांडी मोजली, पोटरी मोजली, गुडघा वाकवून बघितला. बाबांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि म्हणाले, गुरांच्या बाजारात असंच करतात. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. नंतर गाव टाळ्या वाजवत होतं, क्लबचा माणूस मला टोपी घालत होता, आणि बाबा साखर कारखान्याच्या कपड्यांत मागे उभे, टाळी न वाजवता.

वेंडेल : तू मोठा झालास, कॉर्डेल. आठ हंगाम. तुझ्या जागेवर पोरं तीन वर्षं टिकत नाहीत. लोक अजून नाव काढतात तुझं.

अल्मा : कुठले लोक? त्या शेवटच्या सामन्याला मी होते, मिस्टर स्ट्राउड.

कॉर्डेल : जाऊ दे ना, आई.

अल्मा : तुला सांगितलेलं नाही मी हे. तुला स्ट्रेचरवरून नेत होते तेव्हा सगळं मैदान उठून टाळ्या वाजवायला लागलं. मला वाटलं, तुझ्यासाठीच. मी शेजारच्या बाईचा हात धरून तिचे आभार मानले. ती म्हणाली, सुटलो एकदाचे, आता नव्याला घेतील. मी वळून पाहिलं तर तो नवा आत धावत येत होता.

कॉर्डेल : मी हात हलवला होता त्यांना.

अल्मा : पाहिलं मी.

कॉर्डेल : झोपल्या झोपल्या, दात आवळून, हात हलवला. शी.

वेंडेल : अहवाल गुरुवारी आला होता.

कॉर्डेल : कसला अहवाल?

वेंडेल : एमआरआयचा. सामना रविवारी होता. गुडघ्याचं लिगामेंट अर्धं फाटलेलं होतं. मी वाचलं होतं.

कॉर्डेल : गुरुवारी.

वेंडेल : कोचला दाखवलं मी.

कॉर्डेल : काय म्हणाला?

वेंडेल : कशाला आता ते.

कॉर्डेल : काय म्हणाला, वेंडेल?

वेंडेल : म्हणाला, तिशीला आलाय. पुढच्या वर्षी ठेवणार नाहीच आहोत. उरलाय तेवढा वापरून घ्या.

कॉर्डेल : आणि तू?

वेंडेल : मी पट्ट्या आणायला गेलो.

कॉर्डेल : डॉक्टर सुई घालत होता तेव्हा पाय तू धरला होतास. म्हणालास, श्वास सोड, पोरा. आणि मी तुला थँक्यू म्हणालो. दर रविवारी म्हणायचो. तुझी किळस येते म्हणू की माझी, तेच कळत नाही.

वेंडेल : बायको आजारी होती माझी. नोकरी गेली असती तर—

कॉर्डेल : तिला मध्ये आणू नकोस.

अल्मा : पेन आहे ना तुमच्याकडे? कागद उलटा करा. आत्ता बोललात ते मागे लिहा.

वेंडेल : मिसेस बटिस्ट, मला उद्या काढून टाकतील.

अल्मा : यालाही काढलं. फोनवर. ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते, मी याला धरून संडासापर्यंत नेत होते. एका हातानं त्याला सावरलं आणि दुसऱ्या हातानं फोन त्याच्या कानाला लावला. बोलणाऱ्या पोरीला त्याचं नाव धड उच्चारता येत नव्हतं. लिहा.

(वेंडेल कागद उलटा करून गुडघ्यावर ठेवतो. बराच वेळ लिहीत राहतो.)

कॉर्डेल : वार घातलास?

वेंडेल : वार, तारीख, दोन्ही.

कॉर्डेल : कोचचं बोलणं?

वेंडेल : होतं तसंच.

कॉर्डेल : खाली नाव?

वेंडेल : घातलंय. सही केलीय. कॉर्डेल, मला तुला इतकंच—

कॉर्डेल : ते नको. माफी मागितलीस तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्या तोंडात आत्ता बरं उत्तर नाही. कागद टेबलावर ठेव. उद्या मी त्या सहा जणांच्या वकिलाकडे जातोय.

वेंडेल : मग निघतो मी.

अल्मा : अजून नाही. बसा.

वेंडेल : सगळं लिहिलंय, मिसेस बटिस्ट. काहीच मागे ठेवलेलं नाही.

अल्मा : लिहिताना तुम्ही खाली बघत होतात. आता माझ्याकडे बघून सांगा.