रिकामे खण

बाबा : माउस सोड आधी. सोड म्हणतो ना!

लेक : सोडला, बाबा. नुसतं बघत होते. ही कुठली आवृत्ती टाकून बसलाय तुम्ही?

बाबा : आहे ती आहे. स्वर लिहिले जातात, कागदावर छापून येतात. आणखी काय नाचून दाखवायला हवंय तिने?

लेक : शेवटचा आकडा विषम आहे.

बाबा : तुझी जन्मतारीखही विषम आहे. तुला काढून टाकलं का आम्ही?

लेक : थट्टा नको. या सॉफ्टवेअरची पद्धतच आहे ती. सम आकडा म्हणजे स्टेबल, तपासून-सवरून लोकांच्या हातात दिलेलं. विषम म्हणजे डेव्हलपमेंट. अजून घडतंय ते. आज एक चालतं, उद्या दुसरंच बंद पडतं. मी तुम्हाला स्टेबल टाकून दिलं होतं.

बाबा : दिलं होतंस.

लेक : कामाच्या कॉम्प्युटरवर डेव्हलपमेंट ठेवायचं नाही, हे आमच्या ऑफिसात नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतात.

बाबा : मी नवा पोर नाही. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून वाद्यवृंदाची पानं लिहितोय. सगळ्या वाद्यांचं मिळून एक जाडजूड पुस्तक, त्यातून प्रत्येकाचा कागद वेगळा काढून द्यायचा. टाक आणि दौत घेऊन केलंय. हात थरथरायला लागला म्हणून हे खोकं आलं घरात.

लेक : आणि मागच्या कार्यक्रमात काय झालं?

बाबा : काय झालं?

लेक : हॉर्नवाला एक खण, त्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा, आधीच वाजवून बसला. सगळे गप्प आणि हा एकटा पों करून उभा. प्रेक्षक हसले.

बाबा : कोणी कान भरले तुझे?

लेक : तुमच्या संचालकांचा फोन आला होता.

बाबा : चोंबडा आहे मेला.

लेक : काळजीने बोलत होते हो. म्हणाले, बाबांना मला थेट सांगवत नाही. पण शनिवारच्या कागदांत पुन्हा चूक निघाली, तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल. म्हणून आलेय मी. सहाची गाडी आहे, तेवढ्यात स्टेबल टाकून देते.

बाबा : म्हणजे मला भेटायला नाही आलीस. याला भेटायला आलीस.

लेक : बाबा, असं काय करता?

बाबा : काही नाही. बस. खुर्ची जरा मागे घे, त्या पायाखाली वायर आहे. तुझ्या स्टेबलमध्ये 'एकटा वादक' आहे का?

लेक : ते काय असतं?

बाबा : बघ, माहीत नाही. पूर्वी व्हायोला वाजवायला आठ जण होते. दोघांत एक स्टँड. पान संपलं की आतल्या बाजूचा उलटायचा, दुसरा वाजवत राहायचा. आता एकच बाई उरलीय. दोन हात, दोन्ही गुंतलेले. शेजारी कोणी नाही. मग पान कुठे संपायला हवं? जिथे तिला थोडा वेळ वाजवायचं नाही तिथे. नाहीतर वाजवता वाजवता ती पानाला हात घालते आणि सगळा कागद खाली. या विषमवाल्यात 'एकटा वादक' अशी खूण करता येते. केली की पान आपोआप विश्रांतीपाशी संपतं.

लेक : ते हातानेही करता येतं ना?

बाबा : येतं की. जन्मभर हातानेच केलं.

लेक : मग अडलं कुठे?

बाबा : दुसरं असं, की यात केलेल्या फाइली त्यात उघडत नाहीत. जुन्यातलं नव्यात येतं, नव्यातलं जुन्यात जात नाही. म्हणजे विषय संपला. चहा टाकू?

लेक : हे तुम्हाला कोणी सांगितलं?

बाबा : घुबडाने.

लेक : कोणी?

बाबा : हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या गटात घुबड म्हणतात त्याला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांतला आहे. फुकट करतो, दिवसभर दुसरी नोकरी करून. साखर घालू ना? की अजून बंदच आहे?

लेक : घाला. बाबा, मला खरं सांगा. स्टेबलमध्ये काय बिघडलं होतं?

बाबा : काही नाही.

लेक : काहीतरी असेल ना. उगाच कोण बदलतं?

बाबा : काहीच बिघडलं नाही, हीच तर पंचाईत! तुझी आई गेली, तू पंधरा दिवस राहिलीस, सगळं चकचकीत करून दिलंस आणि गेलीस. मग मी रोज सकाळी हे उघडायचो, लिहायचो, बंद करायचो. ते शहाण्यासारखं चालायचं. कागद छापायचो, पाकिटात घालायचो, वाद्यवृंदाचा माणूस दारातून न्यायचा. बोलायची वेळच यायची नाही. एकदा फोनवर कोणाचा तरी चुकीचा नंबर लागला, तर मी 'हॅलो' म्हटलं आणि घशातून आवाजच नीट फुटेना. तेव्हा हिशेब केला, की कोणाशी शेवटचं कधी बोललो. आठवेना.

लेक : मला फोन करायचा.

बाबा : तुला काय सांगू? उठलो, जेवलो, झोपलो? तू लोकांची बिघडलेली कॉम्प्युटरं दुरुस्त करतेस. माझं तर तू कायमचं दुरुस्त करून गेली होतीस.

लेक : म्हणून हे विषम टाकून घेतलंत?

बाबा : विषमवाला रोज काहीतरी मोडतो. कधी सुरांच्या शेपट्या उलट्या, कधी शब्द एकमेकांवर चढलेले. मोडलं की कळवायचं असतं. कळवलं की उत्तर येतं. 'काका, पुन्हा करून बघा. काका, जमलं का?' दुपार कशी जाते कळत नाही. हे काय वाजलं?

लेक : निरोप आलाय. त्याचाच. घुबडाचा.

बाबा : वाच. माझा चष्मा ओट्यावर राहिला.

लेक : "काका, तुम्ही पाठवलेली हॉर्नची फाइल नीट तपासली. सॉफ्टवेअरचा दोष सापडला नाही. मधल्या विश्रांतीचे खण एकाने कमी टाइप झालेत. कार्यक्रमात तेच झालं असावं. वाईट वाटून घेऊ नका, असं सगळ्यांचं होतं. शनिवारचे कागद मात्र मूळ पुस्तकाशी कोणाबरोबर तरी ताडून घ्या." आणि...

बाबा : आणि काय?

लेक : "आणि गुडघा कसा आहे?"

बाबा : बरा आहे म्हणून लिही.

लेक : गुडघ्याला काय झालं?

बाबा : पायरीवरून घसरलो. उगाच आपलं.

लेक : कधी?

बाबा : झाले की बरेच दिवस. सूजही उतरली.

लेक : त्याला माहीत आहे आणि मला नाही?

बाबा : त्याने विचारलं, 'काका, हल्ली उत्तर उशिरा येतं, बसायला त्रास होतो का?' तेव्हा सांगितलं. तू विचारलंस, 'सगळं ठीक?' मी लिहिलं, 'ठीक.' तू लिहिलंस, 'ओके.'

लेक : मी कामात असते हो बाबा...

बाबा : असतेस ना. मी कुठे नाही म्हणतोय? घे, चहा घे. कशी दिसतेस आरशात बघ. डोळ्यांखाली काजळी धरलीय.

लेक : म्हणजे चूक सॉफ्टवेअरची नव्हतीच.

बाबा : नव्हती.

लेक : तुम्हाला माहीत होतं?

बाबा : मनात आलं होतं. पण म्हातारा चुकला म्हणण्यापेक्षा सॉफ्टवेअर कच्चं आहे म्हणणं बरं पडतं. त्याला राग येत नाही. आणि त्या घुबडाला मी चार दिवस कामाला लावलं. बिचारा शोधत बसला.

लेक : तुमच्या हातून असलं कधीच सुटायचं नाही. लोक उदाहरण द्यायचे तुमचं.

बाबा : माझं देत होते. पण ताडायचो दोघं. विसरलीस?

लेक : जेवण झाल्यावर. आई पुस्तक घेऊन इथेच बसायची.

बाबा : ती मोठ्याने वाचायची, मी लिहिलेल्यावर बोट ठेवून 'आहे' म्हणायचो. सुरांचं ठीक असतं, सूर डोळ्यांना दिसतो. पण वाजवायचं नसतं ते खण ती एकेक करून मोजायची. रिकामा एक, रिकामा दोन, रिकामा तीन. मी वैतागायचो. म्हणायचो, अगं, त्यात काही नाही, पुढे चल. म्हणायची, काही नाही तिथेच माणूस चुकतो.

लेक : मला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. लहानपणी वाटायचं, तुम्ही भांडताय. ती आकडे म्हणतेय आणि तुम्ही कबूल करताय.

बाबा : एकदा झांजवाल्याचा कागद होता. त्याला सबंध कार्यक्रमात तीनदा वाजवायचं, बाकी नुसतं उभं राहायचं. रिकामे खण संपता संपेनात. मधेच बघतो तर हिचे डोळे मिटलेले. झोपेत मोजतेय! आणि एकदाही चुकली नाही.

लेक : झोपेत?

बाबा : थोडी थाप आहे. पण डुलकी खरी.

लेक : आता कसं ताडता?

बाबा : एकटाच. एक डोळा पुस्तकावर, एक कागदावर. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं गं. आणि रिकामे खण एकट्याने मोठ्याने मोजायचे म्हणजे... भिंती ऐकतात. दोनदा करून बघितलं. नाही करवत.

लेक : द्या तो माउस.

बाबा : काढतेस का ते?

लेक : नाही काढत. स्टेबल शेजारी टाकते. दोन्ही नांदतात एका कॉम्प्युटरवर, सवतीसवतींसारखी भांडत नाहीत. शनिवारचे कागद सममध्ये. ते तुम्हाला पुन्हा टाइप करावे लागतील, आधी शनिवारचा हॉर्न.

बाबा : करीन. आणि विषम?

लेक : विषम सकाळी मोडायला. त्या घुबडाला कळवायला.

बाबा : व्हायोला?

लेक : व्हायोला विषममध्येच राहू दे. तिला पान उलटायला कोणी नाही.

बाबा : हं.

लेक : आणि ते मोठं पुस्तक कुठाय? फोटो काढून घेते सगळ्या पानांचे.

बाबा : कशाला? तुला काय कळतंय त्यातलं?

लेक : काहीच नाही. मोजता येतं.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, फोनवर.)

लेक : बाबा, हॉर्न झाला टाइप?

बाबा : सकाळीच. तुझ्या त्या सममध्ये. एकदाही अडलं नाही. अगदी कंटाळवाणं आहे.

लेक : समोर घ्या. माझ्याकडे पुस्तकाची पानं उघडी आहेत. जेवणाची सुट्टी आहे, करून टाकू.

बाबा : आत्ता? तुझे ऑफिसातले लोक काय म्हणतील, बाई फोनवर आकडे काय मोजतेय?

लेक : कोण ऐकतंय? ते सगळे एकत्र जेवतात वर. मी गाडीत बसलेय.

बाबा : रोज?

लेक : ...रोज. सुरू करू?

बाबा : थांब. बोट ठेवू दे. हं.

लेक : पहिला खण, लांब सूर एक, वरून दुसऱ्या रेघेवर.

बाबा : आहे.

लेक : दुसरा, तोच सूर, खाली शेपटी.

बाबा : आहे. शिकलीस की.

लेक : रात्री बघत बसले होते. पुढे अठ्ठावीस खण रिकामे, मग...

बाबा : असं नाही.

लेक : काय असं नाही? अठ्ठावीस मोजून ठेवलेत मी. तुमच्याकडे अठ्ठावीस आहेत ना?

बाबा : एकेक करून मोठ्याने मोजायचे असतात.

लेक : सगळे?

बाबा : सगळे.

लेक : बरं. रिकामा एक.

बाबा : आहे.

लेक : रिकामा दोन.

बाबा : आहे.

लेक : रिकामा तीन. ...बाबा? रिकामा तीन. लाइन गेली का?

बाबा : नाही गेली. आहे. सावकाश मोज गं, मला घाई नाही.