जावयाचा वाहता कान

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्तीच्या दवाखान्यात, रांगेत लोरीना कान टवकारून बसली होती. पुढे डुल्सी मावशी जावयाकडे पाठ करून लेकीशी बोलत होती, कारण त्यांच्या रिवाजात सासू-जावयानं एकमेकांशी बोलायचंच नसतं.

"मार्ली, नवऱ्याला सांग, कान महिनाभर वाहतोय, आता मागे टेंगूळ आलंय. गुपचूप विमानात बसून डार्विनच्या मोठ्या इस्पितळात जा म्हणावं."

"आई, तो म्हणतो, शनिवारी फुटबॉलची फायनल आहे. आणि कान काय, इथे सगळ्यांचेच वाहतात."

"पू मेंदूत शिरला तर काय करशील, विचार त्या गाढवाला!"

"मेंदू असेल तर शिरेल ना, आई!"

"सासूबाई, जरा पाणी द्या की," जावई हसत थेट तिलाच म्हणाला.

सगळ्या रांगेनं माना वळवल्या.

"सिस्टर! अहो सिस्टर," डुल्सी मावशी ओरडली, "शिरला! मेंदूत शिरला! विमान बोलवा!"