अक्षता हातात असताना

तुम्ही हसाल, पण लातुरात बसून मी फ्रेंचच्या परीक्षेत बोलले!

आमची सून प्राजक्ता मागच्या तोंडी परीक्षेत मधेच गप्प झाली आणि नापास झाली. यंदाची परीक्षा मोबाइलवर होती, फ्रेंच बोलणाऱ्या बेटांवरच्या कादंबऱ्यांची.

प्राजक्ता म्हणाली, "आई, त्या बेटांवर गोष्ट सांगणारा मधेच हाक देतो. ऐकणाऱ्यांनी ओ दिली तरच पुढं सांगतो."

"म्हणजे आपल्या व्रताच्या कहाणीसारखंच की! हातात अक्षता धरून हुंकार द्यायचा, संपली की अक्षता वाहायच्या."

मग सरावाला मी अक्षता घेऊन बसायचे. फ्रेंचचं अक्षर कळत न्हाई, पण हुंकार द्यायचे.

परीक्षेच्या दिवशीही दाराआड तशीच बसले. प्राजक्ता बोलता बोलता अडकली. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "हूं! मग?"

मोबाइलवरच्या परीक्षक मॅडमनी मराठीत विचारलं, "कोण आहे तिथं?"

प्राजक्ता म्हणाली, "सासूबाई. मॅडम, मी हेच तर सांगत होते. ऐकणारा हुंकार देतो, तेव्हा सांगणाऱ्याला पुढचं सुचतं."

मॅडम हसल्या. "बोलवा त्यांना आत."

मग पोरगी जी सुटली, ती थांबलीच न्हाई. शेवटी मॅडम म्हणाल्या, "छान. पास. झालं आता."

म्हटलं, "थांबा मॅडम, अजून झालं न्हाई," आणि मूठभर अक्षता सुनेच्या डोक्यावर टाकल्या.