हाफटाइमची निंबं

बडनेऱ्याच्या फलाटावर आम्ही अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होतो. माझ्या शेजारी फुटबॉलचा नवा, तरुण कप्तान आणि पिकल्या केसांचा गोलरक्षक बोलत होते. ऐकू नये असे वाटले, तरी ऐकले.

“शेषरावभाऊ, जुन्या कप्तानानं सगळे थकेल गडी माह्या गळ्यात टाकले.”

“मंग काढून टाक. भीड कायची?”

“देविदासले पळवत नाही.”

“काढ त्याले.”

“किसनले चेंडू दिसत नाही.”

“त्यालेही काढ. आनखी कोन? बोल ना बाप्पा, गप काहून झाला?”

“भाऊ, गोलात आज मधुकरले उभं करतो म्हनलं.”

“हौ. उंच हाय पोरगा.”

“तुमी रागावले?”

“नाही रे. घरी खेळाले जातो म्हनून सांगून आलो, वापस कसा जाऊ? हाफटाइमले निंबं मी कापतो. चाल, गाडी आली.”