उजव्या अंगाची पट्टी

आई : पोटची पोर वर्षानं घरी येते आणि आल्याबरोबर गाडीखाली शिरते. मी उंबऱ्यात उभी, तर मला म्हणते, थांब गं, उजेड आहे तोवर बघून घेते. मी काय अंधारात दिसणार नव्हते?

सून : आई, ताई कामावर आल्यात. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या अंगावरची कुठली धातूची पट्टी मूळची, कुठली मागाहून बसवलेली, हे सांगणं हाच त्यांचा व्यवसाय. ही गाडी घ्यायच्या आधी तपासायला संग्रहालयानं त्यांनाच पाठवलं, त्याला त्या काय करणार?

आई : इतर गाड्या तपास म्हणावं हव्या तेवढ्या. ही बापाची. पत्रा नखानं खरवडत होती, पोलीस चोराचे खिसे चाचपतात तशी.

सून : पण एका अंगाला साध्या मॉडेलची बारीक पट्टी आणि उजव्या अंगाला भारी मॉडेलची रुंद, चकचकीत. कुणीही बघणारच की.

आई : बघायचं काय त्यात? हे सांगून गेलेत ना. कारखान्यात सुट्टी व्हायच्या वेळेला कुणा कामगाराची नजर चुकली आणि साध्या गाडीला एकीकडून भारी माल लागला. अशी दुसरी गाडी जगात नाही, म्हणायचे. अख्ख्या गल्लीला मी हेच ऐकवत आले. संग्रहालयवाले उगाच मागे लागलेत होय?

(लेक हात पुसत आत येते.)

लेक : वहिनी, साबण कुठाय गं?

आई : झाली का झडती?

लेक : झाली. संग्रहालयाला फोनही केला. उजव्या पट्टीचं नक्की सांगता येत नाही, असं कळवलं.

आई : तुला सांगता येत नाही? गल्लीत वळायच्या आत आवाजावरून गाडी ओळखायचीस तू.

लेक : फार जुनी आहे गं ती. रंग गेलाय.

आई : साबण नंतर. माझ्याकडे बघून बोल.

सून : सांगून टाका ताई. आज जेवू द्यायच्या नाहीत त्या.

लेक : पट्टी बसते ती पत्र्यातल्या भोकांवर. कारखान्यात आधी भोकं पाडतात, मग रंग मारतात. म्हणून भोकाच्या आतल्या कडेलाही रंग लागतो. डावीकडे तसाच आहे. उजवीकडे रुंद पट्टी काढली, तर खाली बारीक पट्टीचीच भोकं, रंगलेली. आणि त्यांच्याखाली आणखी एक ओळ. तिला रंगाचा टिपूस नाही, नुसता गंज. शेवटची भोकं तर तिरकी गेलीत, हात दुखायला लागल्यासारखी.

सून : म्हणजे ती कारखान्यातली नव्हेत.

लेक : आपल्या अंगणातली. बाबांनी पाडलेली.

आई : अशा चुका होतात कारखान्यात, हे तूच सांगत होतीस मागे.

लेक : होतात. या गाडीतही एक आहे. मागच्या दाराचं आतलं हँडल आदल्या वर्षीच्या मॉडेलचं आहे. उरलेला माल खपवला असणार.

आई : ते अडकायचं, ते? त्याला तर हे जन्मभर शिव्या घालत होते.

सून : पण बाबांनी एकाच अंगाला का लावावी?

लेक : मोडीत निघालेल्या एखाद्या गाडीची एकच चांगली मिळाली असेल.

सून : मग चालवणाऱ्याच्या अंगाला लावायची, अमेरिकन गाडीचं चाक तर डावीकडे. चारचौघांत उतरताना तेवढाच थाट.

लेक : गाडी कशी उभी करायचे, आठव ना. नाक फाटकाकडे, रोज तशीच. मग उजवं अंग कुठून दिसतं?

सून : स्वयंपाकघराच्या खिडकीतून. दुसरीकडून कुठूनच नाही.

लेक : तिथे दिवसभर कोण असायचं?

आई : कळलं. मला कोडी घालू नकोस.

सून : आई, बसता का जरा?

आई : मला काय झालंय बसायला? मला दिसावी म्हणून चांगल्या पत्र्याला भोकं पाडली या माणसानं. तोंडानं दोन शब्द बोलला असता, तर पत्रा वाचला असता.

लेक : म्हणूनच तसं कळवलं. गल्लीभर तू सांगितलेलं. लोकांपुढे तुझी मान खाली जायला नको.

आई : आणि खरं कळवलंस तर?

लेक : गाडी नेणार नाहीत. साध्या मॉडेलच्या त्यांच्याकडे ढिगानं आहेत. काचेमागे ठेवायची आणि बाबांचं नाव लावायचं ठरलंय, तेही जाईल.

आई : उचल फोन. सांग, भोकं नवऱ्यानं पाडली, बायकोला दिसावी म्हणून. यातला एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस.

लेक : अगं, पण गल्लीत काय सांगशील?

आई : गल्लीचं मी बघेन, आजवर बघत आलेय. तू तुझं बघ. परक्याची गाडी असती तर खरं ते कळवून मोकळी झाली असतीस. आईची आली, तर जीभ अडखळली. खोटं तुझा बापही बोलला, पण त्याचं चकाकत तरी होतं. तुझं मळकं आहे, पोरी.