नारिंगी वायरीचा फोटो

अरे, ऐका तरी! आपली बारकी गेली बल्ब आणायला, आणि दुकानातल्या रांगेत तिच्या पुढेच एक सासू-सून. बारकीने लगेच कान टवकारले!

"आई, घर तापवायच्या हीटपंपाच्या जुन्या थर्मोस्टॅटच्या वायरी सोडवण्याआधी फोटो काढलात ना?"

"काढला की. हा बघ."

"अहो, हा तर तुमचा फोटो! वायरी कुठायत?"

"माझ्या मागे."

"आई! संध्याकाळी जाऊबाई बाळाला घेऊन घरी येतायत, आणि घर नुसतं गारठलंय!"

"ओरडू नकोस. सगळ्या वायरींना चिठ्ठ्या लावल्यात मी. फक्त नारिंगीची गळून पडली."

"नेमकी तीच? हवा गरम की गार, ते तीच ठरवते म्हणे!"

"बघू बरं," दुकानदार पुढे वाकला. "काकू, फोटोत तुमच्या कानाशी हे लोंबतंय ते डूल की वायर?"

"डूल मी घालतच नाही."

"मग हीच नारिंगी! जुन्यात ती 'ओ' अक्षराच्या स्क्रूला आहे. नव्यातही 'ओ'वरच लावा. लावताना मेन स्विच मात्र बंद ठेवा."

"म्हणजे बाळ उबेत झोपणार?"

"खुशाल झोपेल, ताई."

"चला आई, लावायला घेऊ. आणि या वेळी फोटो मी काढणार."

"काढ की. पण मी हसल्यावर."