जासईच्या हळदीला सायकलवरून

आईशपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. बरं, एक गोष्ट सोडून. खाडीवर पूल नव्हता, पनवेलवरून लांबचा वळसा पडायचा, तेव्हाची गोष्ट. आम्ही सारसोळ्याचे तिघे जासईला मित्राच्या हळदीला सायकलींवर निघालो. पनवेल ओलांडल्यावर माझा चुलतभाऊ हाश्या छाती धरून थांबला.

मी म्हटलं, “हाश्या, मागं फिरू. हळद काय, पुढच्या वर्षीपन कोनाची तरी हाय.”

पुढून आमच्यातला तिसरा, धोंडू, ओरडला, “फिरा, फिरा! मांडवात सांगतो, हाश्या बाळंत झालाय!”

हाश्या पेटला. उभ्यानं पायडल मारत धोंडूच्या पुढं गेला आणि मांडवात असा नाचला, की लोक नवरदेवाला विसरले.

तो नाच मी रचलाय. जासईच्या वेशीवर ढोल ऐकू आले, तिथंच हाश्या सायकलवरून पडला. उठलाच नाही.